सुटकेची संगत



श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा आपण सर्वांनी कीर्तनात अनेकवार ऐकली आहे. तथापि तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्रिकूट पर्वतावरील सरोवरात गजेंद्र उतरला, तेव्हा तो एकटा नव्हता. त्याचा सारा कळप त्याच्यासमवेत होता. नक्राने त्याचा पाय धरला असता कळपातील हत्तींनी त्यास मागून ओढून काढण्याची शर्थ केली. त्यांच्या प्रेमात काही उणे नव्हते आणि बळातही उणे नव्हते. तरी गजेंद्र सुटला नाही. भागवतकारांनी याचे कारणही सांगून ठेवले आहे. झुंज पाण्यात चालली होती, आणि पाणी हे नक्राचे घर. जसजसा काळ लोटला तसतसे हत्तीचे बळ ओसरत गेले व नक्राचे वाढत गेले.

दारूच्या व्यसनाने धरलेल्या मनुष्याची आणि त्याच्या घरच्यांची अवस्था हुबेहूब अशीच असते. आई देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालविते. पत्नी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लाविते. थोरला भाऊ पगार आपल्या ताब्यात घेतो. कोणी तुळशीची माळ घालतो, कोणी कौल लावून घेतो. या साऱ्यामागची माया खरी असते. शपथ घेणाराही ती घेताना बहुधा खोटे बोलत नसतो. चतुर्थीचे दिवस निर्विघ्न पार पडतात, घरात जरा हसणेखेळणे ऐकू येऊ लागते. पुढे हुर्राकाचे दिवस येतात, अथवा कचेरीत कोणी टाकून बोलतो, अथवा काहीच कारण नसताना एखाद्या तिन्हीसांजेला पाय नाक्यावरच्या बाराकडे वळतात, आणि शपथ मोडते. मग मोडलेल्या शपथेची लाज दारूहूनही जड होते, आणि ती लाज विसरण्यासाठी पुन्हा दारूच लागते.

ही कहाणी चार-दोन घरांपुरती आहे असे कोणी समजू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी शेकडा १४.६ जण मद्य घेतात, आणि सुमारे ५.७ कोटी माणसांना त्यापायी साहाय्याची गरज आहे. मद्याच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांतील एकालाच कसले तरी साहाय्य लाभल्याचे आढळले. उरलेले ३७ जण कोठे आहेत? ते आपापल्या घरात आहेत, आणि त्या घरांची दारे लोकलाजेने आतून लावलेली आहेत. आजचे हे निरूपण त्या बंद दारांसाठी आहे.

व्यसनी मनुष्यास संगत हवी असते हे आपण सारे जाणतो. परंतु ती कोणाची, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरी सापडले. बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तेथे आले होते. काम फसले. दारू सोडून त्यांस जेमतेम पाच महिने झाले होते. परक्या गावी, हॉटेलात एकटे असता, मद्यगृहातील हसण्याबोलण्याचा आवाज त्यांच्या कानी पडू लागला. तेव्हा त्यांनी टेलिफोन उचलला व गावातील धर्मोपदेशकांकडे विचारणा आरंभली. आपल्यासारखाच दारूने गांजलेला कोणी मनुष्य भेटावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या खटपटीतून १२ मे रोजी त्यांची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. हे डॉक्टर स्वतः दारूने खचलेले होते, आणि उपदेश ऐकून विटलेही होते. त्यांनी पाव तासच बसण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात दोघे कित्येक तास बोलत बसले. कारण विल्सन यांनी उपदेश केलाच नाही, आपली हकीकत सांगितली. डॉक्टरांनी अखेरचा घोट १० जून १९३५ रोजी घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ‘अनामिक मद्यपी’ या संघाचा जन्मदिवस मानला जातो. आपल्या देशात हे कार्य १९५७ साली सुरू झाले.

या हकीकतीचे मर्म असे की, विल्सन दुसऱ्यास तारावयास निघाले नव्हते. स्वतः बुडू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या बुडणाऱ्याचा हात शोधला, आणि दोघेही काठास लागले. ज्याचा पाय नक्राने कधी धरलाच नाही तो कितीही प्रेमळ असला तरी त्या दातांची धार त्यास ठाऊक नसते. ज्यास ती ठाऊक आहे आणि जो आज कोरडा उभा आहे, त्याचा शब्द वेगळ्या रीतीने ऐकला जातो. हा अनुभव आता अभ्यासकांनीही पारखला आहे. कोक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास व १०,००० हून अधिक रुग्ण यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. या संघाशी रुग्णास पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार मद्यापासून पूर्ण दूर राहण्याच्या कामी इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आता या सभेत घडते काय, ते सांगितले पाहिजे, कारण न पाहिलेल्या खोलीचे भय मोठे असते. एक साधी खोली, काही खुर्च्या, बहुधा चहा. तास-दीड तासाचे काम. प्रत्येक जण केवळ पाळण्यातले नाव सांगतो. आडनाव, गाव, हुद्दा, जात यांची चौकशी होत नाही. हजेरीपट नाही, वर्गणी नाही. शेवटी ताटली फिरते, तीत सभासदांनी स्वेच्छेने टाकावे, नवख्याने काही न टाकले तरी चालते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट आहे. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही अथवा वाद घालीत नाही. नवखा मनुष्य नुसता बसून राहिला तरी त्यास कोणी बोलते करीत नाही. वारीत वारकरी परस्परांच्या पायांवर डोके ठेवतात, तेथे लहानथोर उरत नाही. या खोलीतही शल्यवैद्य आणि हमाल एकाच ओळीत बसतात, आणि आज ऐकणारा तो उद्याचा सांगणारा होतो.

तथापि सगळ्या सभा सारख्या नसतात, आणि येथेच पुष्कळ जण चुकतात. एखाद्या सभेस एकदा जावयाचे, तेथील कोणाचे बोलणे रुचत नाही, आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून परत फिरावयाचे, असे वारंवार घडते. एका कीर्तनकाराचा आवाज मानवला नाही म्हणून कोणी हरिकथा सोडीत नाही. तोच न्याय येथे लावावा. निदान सहा वेळा गेल्यावाचून, आणि एकाहून अधिक सभा पाहिल्यावाचून, निकाल देऊ नये. निवड करताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, सभा खुली आहे की बंद, हे आधी विचारावे. खुल्या सभेस घरची माणसे, मित्र, जिज्ञासू कोणीही बसू शकतात. बंद सभा ज्यांस स्वतः दारू सोडावयाची आहे त्यांच्यासाठीच असते. प्रथम जाताना सोबत हवी असल्यास खुली सभा निवडावी. पुढे मात्र बंद सभेची गोडी धरावी, कारण जे पत्नीच्या देखत बोलवत नाही ते तेथे बोलता येते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या गोमंतकातील घरांत देवघरात मराठी आणि चुलीपाशी कोकणी, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. येथील सभा कोकणीतून भरतात, इंग्रजीतूनही भरतात. ज्या भाषेत आपण घरी रडतो आणि भांडतो, तीच या कामाची भाषा होय. इंग्रजीत चार सुरेख वाक्ये बोलून घरी परतणाऱ्यापेक्षा कोकणीत अडखळत एक खरे वाक्य बोलणारा अधिक लवकर काठास लागतो.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक पिणाऱ्याचा घातवेळ ठरलेला असतो. बहुतेकांचा तो कचेरी सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा. ज्या सभेची वेळ त्या घातवेळेस व्यापते ती सभा शक्य तर धरावी. आरंभी रोज एक याप्रमाणे ९० दिवसांत ९० सभा कराव्यात असे जुनेजाणते सभासद सांगतात. गावात रोज सभा नसेल तर दूरध्वनीवरून अथवा संगणकावरून भरणाऱ्या सभा आहेत. तथापि शक्य तेव्हा माणसांत जाऊन बसावे. कित्येकांस ओळखीच्या गावात जाण्याची लाज वाटते, म्हणून ते दोन तालुके ओलांडून जातात. आरंभास त्यात वावगे काही नाही. परंतु जी सभा एसटीची कदंब चुकल्यावर चुकते ती पावसाळ्यात टिकत नाही. म्हणून पुढे एखादी जवळची सभाही जोडून घ्यावी.

चौथी गोष्ट, पारख कशावरून करावी ही. ज्या सभेतून परतताना मनुष्यास आपण आज थोडे अधिक खरे बोललो असे वाटते, आणि जेथे वर्षानुवर्षे दारूवाचून राहिलेली माणसे नवख्यापाशी आपण होऊन येऊन बसतात, ती सभा चांगली. तेथेच आपला पाठीराखा शोधावा, म्हणजे रात्री अकरा वाजता मन डळमळल्यास ज्यास निःसंकोच टेलिफोन करता येईल असा जुना सभासद. पाठीराखा पुरुषास पुरुष व स्त्रीस स्त्री असावा, हा संकेत शहाणपणाचा आहे. उलटपक्षी जेथे कोणी शुल्क मागतो, औषध विकतो, उसने पैसे मागतो, डॉक्टरांची औषधे बंद कर म्हणतो, अथवा खोलीतले बोलणे बाहेर नेतो, तेथून उठून दुसरीकडे जावे. दोष त्या माणसाचा समजावा. मार्ग सोडू नये.

व्यसन स्त्रियांनाही धरते, आणि त्यांची लाज पुरुषांहून दसपट असते. त्यांस पुरुषांच्या खोलीत बसणे अवघड वाटल्यास स्त्रियांच्या निराळ्या सभांची चौकशी करावी. ‘बायकामाणसाला हे कसले व्यसन’ असे शब्द आपल्या कोणाच्याही तोंडून निघू नयेत.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. जो अनेक वर्षे रोज पुष्कळ पितो त्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होऊन भ्रम होतो, आणि त्यात प्राणही जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. किंवा दोन्ही एकत्र. बांबोळी येथील शासकीय मानसोपचार संस्थेत यावर उपचार होतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा, व मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हा, शासनाचा विनामूल्य दूरध्वनी आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे असे मानू नये. ज्वरात काढा घेताना आपण तसे मानीत नाही.

आता एक शंका, जी आपल्या घरांतून दबक्या आवाजात बोलली जाते. ‘कित्येक सभा चर्चच्या खोलीत भरतात; तेथे आमच्या मुलाने जावे काय?’ शंकेस सरळ उत्तर द्यावे हे बरे. या संघाचा उगम एका ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात झाला हे खरे आहे. परंतु संघ लवकरच तिच्यापासून वेगळा झाला, आणि १९३९ साली त्याचा ग्रंथ निघाला तेव्हा त्यातील बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख ‘ज्यास जसा कळेल तसा ईश्वर’ अशा अर्थाचा ठेवण्यात आला. देव न मानणाऱ्या सभासदांच्या आग्रहाचाही त्यात वाटा होता. संघ कोणत्याही धर्माशी वा पंथाशी बांधलेला नाही. खोली मिळते तेथे तो बसतो व तिचे भाडे भरतो. आपल्या मुलाने त्या खोलीत शांतादुर्गेचे स्मरण करावे, विठ्ठलाचे करावे. कोणी अडविणार नाही. बुडणाऱ्याने दोर कोणत्या झाडास बांधला आहे हे विचारीत बसावे, असे आपले शास्त्र सांगत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी दुराचारी म्हणविल्या गेलेल्याही अनन्य भक्तास साधूच मानावे असे म्हटले आहे, कारण त्याचा निश्चय योग्य दिशेस वळला आहे. निश्चय वळण्याची जागा ती पवित्र जागा.

घरच्यांविषयी दोन शब्द. गजेंद्राच्या कळपाने ओढले, आणि कळपच थकला. व्यसनी मनुष्याच्या पत्नीचे, आईचे, मुलांचे शरीरमन असेच झिजते. कचेरीत खोटी चिठ्ठी पाठविणे, उधारी फेडणे, बाटल्या शोधून ओतून टाकणे, रात्री दारात वाट पाहणे, यांतच त्यांचे आयुष्य सरते. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी हे स्वतः सोसले होते. त्यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हा स्वतंत्र संघ उभारला. पुण्यात १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तात्पर्य, पती सभेस जावो वा न जावो, पत्नीने आपली संगत शोधावी. तिची शांती त्याच्या शुद्धीवर टांगून ठेवण्याचे कारण नाही. आणि जेथे मारहाण होते तेथे सोसणे हा पतिव्रताधर्म असे कोणी तिला सांगू नये. तेथे आधी तिला व मुलांना सुरक्षित जागी न्यावे.

मग देवळाने काय करावे? आपले देवस्थान व्यसनमुक्तीचे केंद्र नव्हे, आणि तसा आवही आपण आणू नये. गाऱ्हाणे घालावे, माळ घालावी, नामस्मरण करावे. त्याने निश्चयास बळ येते. परंतु सभेस जावे की न जावे, असा कौल देवापाशी मागू नये. जे करणे उघड हिताचे आहे ते करण्यास देवाची अनुज्ञा आधीच आहे. सभासद कुटुंबांकडून मात्र आमच्या तीन मागण्या आहेत. कोणी सायंकाळी कोठे जातो याची चर्चा सभामंडपात करू नये. जत्रेच्या वा लग्नाच्या निमित्ताने जो पेला नाकारतो त्यास ‘आजच्या दिवस घे’ असा आग्रह करू नये. त्याच्या दृष्टीने आजचाच दिवस महत्त्वाचा असतो, कारण उद्याचा भार त्याने उचललेलाच नाही. आणि जो परतून आला आहे त्यास पालखीला खांदा द्यावयास बोलवावे, जुन्या गोष्टी न काढता.

शेवटी, जो पुन्हा घसरतो त्याच्याविषयी. असे होते, पुष्कळांचे होते. त्या दिवशी घरात न्यायसभा भरवू नये. ‘आज सभा किती वाजता आहे?’ एवढाच प्रश्न विचारावा, आणि त्याची चप्पल दाराशी काढून ठेवावी. त्या खोलीचे दार घसरून आलेल्यासही मोकळे असते. पहिल्या दिवशी जसा त्याचा स्वीकार झाला तसाच शंभराव्या वेळीही होतो.

गजेंद्राने सोंडेत एक कमळ धरून श्रीहरीस हाक मारली, तेव्हा त्याच्यापाशी दुसरे काही उरले नव्हते. श्रीहरी आले आणि त्यांनी प्रथम त्यास पाण्याबाहेर ओढून घेतले. नक्राचे तोंड फाडले ते त्यानंतर. आधी काठ, मग सुटका, असा हा क्रम आहे. आपल्या सभासद कुटुंबांत आज जो कोणी पाण्यात उभा असेल त्यास हाक मारण्याची बुद्धी होवो, काठावर उभ्या असलेल्या बांधवांची त्याची गाठ पडो, आणि त्याच्या घराचे आतून लावलेले दार उघडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.